एसी रिपेअर

मुनीर कॅरमवर पावडर टाकून ती तळहाताने पसरत होता. खेळायला कोणी बसलं नव्हतं. खिडकीपाशी देवेश फोनवर चिपळूणच्या विशाखाशी बोलत होता, तिच्या भावाच्या, केयूरच्या कागदांबद्दल. केयूर सोमवारी इथे मस्कतमध्ये, रुवीच्या बांधकाम साइटवर छातीत कळ येऊन गेला होता. तो आणि मुनीर नऊ वर्षं एकमेकांचे होते. मुनीरला रडू येत नव्हतं. पुढ्यातला चहा गार झाल्यावर त्याने तो पिऊन टाकला होता, चव कळली नव्हती.

अझैब्यातल्या या फ्लॅटवर दर शुक्रवारी जमणाऱ्यांना शेजारीपाजारी कॅरम क्लब समजत. क्लब म्हणजे पुरुषांवर जीव असलेली आपल्याकडची अकरा माणसं. बाहेर कळलं तर नोकरी जाईल, वर तुरुंग. म्हणून बोर्डाआड बाकीची कामं चालत. कोणाला वकील गाठून दे, कोणाला डॉक्टर, गावी लग्नाचा घाट घातला गेला की त्या माणसाजवळ बसून राहा. नियम एकच, तोही देवेशने घातलेला: फोनमध्ये एकमेकांची नावं ठेवायची नाहीत, धंदे ठेवायचे. देवेश सगळ्यांचा टेलर होता. मुनीर एसी रिपेअर. बरका गावी मासळीच्या दुकानात काम करणाऱ्या मुनीरला साधा स्क्रूही पिळता येत नसे, आणि यावर केयूर मनापासून हसायचा.

नियम अगदी चोख पाळला गेला. केयूर गेल्यावर कंपनीच्या माणसाने त्याच्या फोनमधल्या नातेवाइकांना, मित्रांना, सगळ्यांना कळवलं. टेलरला आणि एसीवाल्याला कोण कशाला कळवेल? मुनीर दोन दिवस बंद फोन लावत राहिला. इथे वारलेल्या मराठी माणसांचे कागद करून देणारा म्हणून देवेशला बुधवारी बोलावणं आलं, तेव्हा कुठे दोघांना समजलं.

आता केयूरची पेटी रविवारी विमानाने निघणार होती आणि सोबत एकजण जाऊ शकत होता. मुनीरला जायचं होतं. सध्या त्याला एवढंच कळत होतं. पण हा कोण म्हणून विचारलं तर काय सांगणार? घरच्यांना संशय आला तर केयूरची मेल्यावरही अब्रू जाईल, शिवाय बाकीचे नऊजण आहेतच, असं देवेशने सकाळी समजावलं होतं. मुनीरने मान हलवली होती.

बोलता बोलता देवेशने फोनवर हात ठेवला.

"सुट्टीवर आला तरी दादा रोज संध्याकाळी परसात जाऊन एसीवाल्याला फोन करायचा, म्हणतेय. तो तिथे असेल तर पेटीसोबत त्यालाच पाठवा, म्हणते. तुझ्याशी बोलायचंय तिला."

मुनीरने हात पँटला पुसले आणि फोन घेतला.

"एसीवाले का?"

"हां."

"पेटी घरी आली की लोक घाई करतील," विशाखा म्हणाली. "आधी थोडा वेळ तुम्ही बसा दादाजवळ. दार मी लावून घेईन."

पावडरीचे पांढरे पंजे पँटवर उमटले होते, मुनीर ते झटकत राहिला.

"आईला नाव काय सांगू?" तिने विचारलं.

समोर देवेश मान हलवून नको नको म्हणत होता. मुनीरने त्याच्याकडे पाहिलं.

"मुनीर," तो म्हणाला. "म्हसळ्याचा."

देवेश खुर्चीत बसला. पलीकडे विशाखाने घरात हाक मारली.

"आई, दादाला घेऊन मुनीर येतोय गं."

आतून आई काहीतरी म्हणाली. ते मुनीरला नीट ऐकू आलं नाही. त्याने फोन कानाला तसाच लावून ठेवला.