क्रिसांताचं गोरेपण

बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात लघवीचा आजार एकच होता आणि त्यावर औषधही एकच, शहाळं. जळजळलं की शहाळं, अडलं की शहाळं. फार वेळा जावं लागत असेल तर दोन शहाळी. त्याने आणखी वेळा जावं लागायचं, पण ते औषध लागू पडल्याचं लक्षण मानलं जायचं.

चपलांच्या दुकानाची मालकीण क्रिसांता हिने गेल्या काही वर्षांत इतकी शहाळी रिचवली होती की तिला पाहिल्यावर माड अंग चोरत असावेत. दुखणं मात्र जागचं हललं नाही. ओटीपोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकाच्या पायात एक चप्पल चढवून ती आत पळायची आणि परत येईपर्यंत गिऱ्हाईक एका पायावर उभं असायचं. तपासणीत जंतू सापडेनात. पहिला डॉक्टर म्हणाला, जंतू नाहीत म्हणजे आजार नाही. दुसरा म्हणाला, वय झालं. तिसऱ्याने एकदम खालच्या आवाजात विचारलं, "शहाळं पिता का?"

नोरिंगचं निदान वेगळं होतं. नोरिंग क्रिसांताच्या मुलाची धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणत, आणि कुमारेला दार वाजवायची गरज नसते.

"कुमारे, खरं सांग," ती म्हणाली, "तू कुठंतरी वारुळावर बसली असशील. वारुळातल्या त्या कोपिष्ट, अदृश्य बुटक्या म्हाताऱ्याला 'आजोबा, जरा सरका' म्हणाली होतीस का?"

"मी वारुळावर कशाला बसू? घरात संडास आहे!"

"मग संडासाच्या खाली वारूळ असेल."

नोरिंगने मांत्रिक आणला. त्याने मेणबत्तीचं मेण पाण्यात ठिबकवलं. जमलेल्या सगळ्यांना त्या मेणात दाढीवाला बुटका म्हातारा अगदी स्पष्ट दिसला. क्रिसांताला लघवीची पिशवी दिसली, पण तिला हल्ली ढगातही तीच दिसायची.

शेवटी मनिलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. क्रिसांताचा नवरा आमादो आयुष्यभर जीपनी, म्हणजे लांबोडकी प्रवासी जीप, चालवून निवृत्त झालेला. त्याने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, "भारदस्त आहे. एखाद्या स्पॅनिश बिशपचं वाटतं." डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पिशवीचं आतलं अस्तर झिजलंय, त्यामुळे आंबट काही खाल्लं की आत आग होते. म्हणून चिंच, व्हिनेगर, टोमॅटो, कालामान्सी लिंबू आणि कॉफी बंद. ज्या देशात मासा चिंचेच्या पाण्यात शिजतो आणि डुकराला व्हिनेगरशिवाय सद्गती मिळत नाही, त्या देशात हे सांगणं म्हणजे श्वास घ्या पण हवा टाळा म्हणण्यासारखं होतं. क्रिसांता आपली भात आणि दुधी भोपळा खाऊ लागली आणि शेजारणी म्हणू लागल्या, "उपवास करतेय. पापही तसंच मोठं असणार."

औषधाचा मुख्य भाग मात्र तोंडावाटे जाणारा नव्हता. बारीक नळी आत सरकवायची, सिरिंजने औषध थेट पिशवीत सोडायचं, नळी काढायची आणि अर्धा तास दाबून ठेवायचं. त्यासाठी मनिलाला जायचं तर दोन बस आणि वाटेतले सगळे पेट्रोलपंप. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते घरीच करायला शिकवलं. बाटल्या तीन. एक बधिर करणारी, एक अस्तराला लेप देणारी आणि एक सोड्याची. बाईंनी बोट रोखून बजावलं होतं, "हे पिशवीतच जायला हवं. शिरेत गेलं तर हृदय बंद पडेल."

क्रिसांताने एवढी उठाठेव मान्य केली याचं कारण आराम नव्हे. कारण होतं पाबासा.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात वस्तीच्या चॅपेलमध्ये ख्रिस्ताच्या यातनांची कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाऊन वाचतात. समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा असतात, त्यांना अजूनही बाकंच म्हणतात. एका बाकाने पाच ओळींचं कडवं म्हणायचं, मग दुसऱ्याने पुढचं. एकदा सुरुवात झाली की मध्ये थांबायचं नाही, ते अशुभ. उजव्या बाकाची पहिली जागा क्रिसांताच्या आईची होती, नंतर क्रिसांताची झाली. गेल्या वर्षी ऐन क्रूस उचलण्याच्या प्रसंगी ती इतक्यांदा उठून गेली की शेवटी नोरिंग तिच्या खुर्चीत सरकली आणि उरलेल्या यातना नाकातून गायली. "देवाला पुन्हा क्रुसावर चढवलं बाईने," आमादो म्हणाला होता. यंदा नोरिंग महिनाभर आल्याचा काढा पीत होती. कशासाठी, ते क्रिसांताला विचारावं लागलं नाही.

घरचा पहिला प्रयोग झाला तेव्हा क्रिसांताने पलंगावर आरसा मांडला, हात धुतले, नळी घेतली आणि आमादोला बॅटरी धरायला लावली.

"डावीकडे घे," आमादो म्हणाला. "आणखी डावीकडे. बस, बस, बस. ही गल्ली नाही. मागे घे."

"आमादो, मी जीपनी नाही."

"जीपनीला बरं असतं, पाट्या असतात. आता हळू… हां, पुढची गल्ली. सोड क्लच."

ती हसली आणि हसताना नळी बरोबर जिथे जायला हवी तिथे गेली. नंतर अर्धा तास ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत पडून राहिली. कुठल्याच बाजूने निखारा लागत नव्हता. तिला रडू आलं. आमादोला वाटलं, दुखलं. तो शहाळं आणायला उठला.

काही आठवड्यांत तिचा हात बसला. आरसा गेला, पाठोपाठ आमादोचं पदही गेलं. बॅटरी खिळ्याला लटकवून तो पुन्हा कोंबड्यांत रमला. दुपारी खोलीचं दार बंद व्हायचं. आणि बंद दार हे त्या वस्तीत उघड्या दारापेक्षा जास्त लोकांना दिसतं.

एके दुपारी नोरिंग नारळाच्या दुधातल्या गोड गोळ्यांचा वाडगा घेऊन सरळ आत घुसली. क्रिसांताचं नुकतंच आटोपलं होतं, पांघरूण गळ्यापर्यंत होतं. पण ताटलीत सिरिंज, कापूस आणि रिकाम्या बाटल्या तशाच पडल्या होत्या. नोरिंगने ताटलीकडे पाहिलं. मग उन्हात न गेल्याने उजळलेल्या क्रिसांताच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा ताटलीकडे.

"अस्सं!" ती म्हणाली. "ग्लुटा!"

गावातल्या निम्म्या बायका गोऱ्या होण्यासाठी ग्लुटाची इंजेक्शनं घेत आणि उरलेल्या निम्म्या, त्या कुठून घेतात याचा तपास करत.

क्रिसांतापुढे दोन वाटा होत्या. मी लघवीच्या जागी नळी घालते असं सांगायचं किंवा मी या वयात गोरी व्हायला निघालेय असं सांगायचं. तिला विचार करायला क्षणभरही लागला नाही.

"कोणाला सांगू नकोस, कुमारे," ती म्हणाली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती पोचली तेव्हा पाद्रीबाबांनाही ठाऊक झालेलं होतं.

पण नवल पुढेच होतं. आजारी क्रिसांताला वस्तीने शहाळं आणि सल्ला दिला होता; गोऱ्या क्रिसांताला मान मिळू लागला. बायका चपला घ्यायला येत, पायाऐवजी तिच्या गालांकडे बघत आणि दोन-दोन जोड घेऊन जात. "काय तेज आलंय!" म्हणत. झिजलेल्या अस्तराची कोणाला पडली नव्हती. बाहेरची कातडी सुधारली म्हटल्यावर सगळ्यांना तिची काळजी वाटू लागली. क्रिसांताने एक-दोनदा आरशात, म्हणजे आता भिंतीवर परत गेलेल्या आरशात, मान वळवून पाहिली. खोटं असलं तरी बरं दिसत होतं.

पवित्र बुधवारी पाबासा सुरू झाला. क्रिसांता पहिल्या खुर्चीत बसली आणि एकदाही न उठता अख्खी सकाळ गायली. शेजारी बसलेली नोरिंग तिच्या आवाजाकडे नव्हे, मानेकडे बघत होती.

"मानही गोरी झाली," कडव्यांच्या मध्ये ती कुजबुजली. "कितीचा डोस घेतेस?"

"ओळ बघ, ओळ."

"मलाही दे ना एक. ईस्टरच्या मिरवणुकीत काळ्या बुरख्यातल्या मरियेच्या मूर्तीमागे मीच चालणार आहे. शेजारी तू अशी चमकलीस तर मी लाकडी मूर्तीसारखी दिसेन."

"कुमारे, ते तुझ्या कामाचं नाही."

"हो, तुझ्याच कामाचं! आपल्यापुरतं सगळं. माझी जागा घेतलीस, आता रंगही घे." मग दोघींनी मिळून यहूदाच्या विश्वासघाताचं कडवं फार सुरेख म्हटलं.

गुरुवारी दुपारी क्रिसांता घरी गेली, नळीने औषध पिशवीत भरून घेतलं आणि बाटल्या परत ठेवायला कपाट उघडलं. एक संच कमी होता. सिरिंजही.

"आमादो! इथं कोण आलं होतं?"

"नोरिंग. मोठी कढई मागायला." आमादोने डोकं खाजवलं. "कढई नेलीच नाही तिने, आत्ता लक्षात आलं."

क्रिसांताने कपाट तसंच उघडं टाकलं. नोरिंगची भाची जिंकी हिचं ब्यूटी पार्लर चॅपेलमागच्या गल्लीत होतं आणि केस कापण्यापेक्षा शिरा शोधण्यात तिचा हात जास्त चालायचा.

"पळ! जिंकीकडे! टोचू देऊ नकोस तिला!"

आमादो निघाला, म्हणजे त्याचा एक गुडघा निघाला आणि दुसरा विचार करू लागला. क्रिसांताने नोरिंगला फोन लावला आणि फोन कानाला धरून चॅपेलकडे धावली. पिशवीत औषध डुचमळत होतं. चॅपेलमध्ये शिरली तर फोन तिथेच वाजत होता, नोरिंगच्या खुर्चीवरच्या पर्समध्ये. जिंकीचा फोन बंद. पवित्र गुरुवारी नटणं पाप, त्यामुळे पार्लरचं शटर खाली असणार आणि आत सगळं बिनबोभाट चाललेलं असणार. गल्लीला वळसा घालून जायला आता वेळ नव्हता.

पण चॅपेलच्या छपरावर चारी दिशांना तोंड करून चार भोंगे होते. ते दोन दिवस गावातल्या कोणालाही झोपू देत नव्हते, शटर खाली असो वा वर.

डाव्या बाकाचं कडवं संपत आलं होतं. क्रिसांताने आपल्या खुर्चीसमोरचा माइक धरला. पाबासा थांबवता येत नाही, हे तिला जन्मापासून माहीत होतं. नोरिंग मेली तरी चालेल पण सूर तुटता कामा नये, असं तिच्या आईनेही कदाचित म्हटलं असतं. म्हणून तिने सूर तोडला नाही. त्याच रडव्या चालीत, गळा मोकळा सोडून ती गायली:

"नोरिंग, सुई ठेव गं खाली,
नाही ते गोरेपणाचं पाणी,
माझ्या लघवीच्या पिशवीचं औषध,
शिरेत गेलं तर मरशील, राणी—"

आणि पाचवी ओळ सुचेना.

डावं बाक तोंड उघडून बसलं. पाचवी ओळ आल्याशिवाय त्यांना सुरुवात करता येत नव्हती. भोंग्यांतून नुसती खरखर येत होती. सगळ्या गावाने आता 'लघवी' हा शब्द ऐकला होता आणि सगळं गाव पुढच्या ओळीची वाट बघत होतं. क्रिसांताला वाटलं, जमीन दुभंगावी आणि त्या बुटक्या म्हाताऱ्याने आपल्याला आत ओढून घ्यावं.

तेवढ्यात दारात नोरिंग उभी राहिली. दंडाला रबरी पट्टा आवळलेला, बाही वर, एक चप्पल कुठेतरी गळालेली. तिच्यामागे जिंकी, हातात भरलेली सिरिंज. नोरिंगचा चेहरा खरोखरच पांढराफटक पडला होता, औषध न घेताच.

तिने क्रिसांताकडे पाहिलं, तोंड वासलेल्या डाव्या बाकाकडे पाहिलं. ती भांडणार होती, तसा श्वासही घेतला होता. पण वर्षानुवर्षं पाबासा गाणाऱ्या बाईला अर्धं कडवं सहन होत नाही. तिने माइक ओढला आणि नाकातून, पण अगदी चालीत गायली:

"मग आधीच का नाही बोललीस, कुमारे?"

डाव्या बाकाने सुटकेचा श्वास टाकला आणि पुढचं कडवं उचललं. येशूचा गेथशेमाने बागेतला प्रवास पुन्हा सुरू झाला.

वस्तीतल्या जाणत्यांनी नंतर बराच खल केला. पाबासा मोडला की नाही? कडवं पाच ओळींचं होतं, चाल बरोबर होती, मजकूर यातनांचाच होता. मोडला नाही, असं ठरलं. नाराजी एकाच गोष्टीची राहिली, ती म्हणजे क्रिसांताकडे ग्लुटा नव्हता. तीन बायकांनी परत करायला चपला आणल्या.

पण ते सगळं नंतर. त्या वेळी क्रिसांता खुर्चीत टेकली, तेव्हा अर्धा तास भरला होता आणि वेळ झाली होती. गेल्या वर्षी ती अशा वेळी खोकल्याचं सोंग करून भिंतीच्या कडेकडेने निसटायची. आज लपवायला काही उरलंच नव्हतं. ती सरळ उठून उभी राहिली.

"मी जाऊन येते," ती मोठ्याने म्हणाली. माइक चालूच होता, त्यामुळे हेही गावाला कळलं.

ती परत आली तेव्हा पहिली खुर्ची रिकामी होती. नोरिंग आपल्याच जागेवर बसून, दंडावरचा पट्टा न सोडता, पोथीत चाललेल्या ओळीवर बोट ठेवून होती.

"किती वेळ गं!" ती फुसफुसली. "एवढं आहे तरी काय त्या पिशवीत? धर, इथून पुढे."

क्रिसांता बसायला वाकली आणि थबकली. खुर्ची अगदी रिकामी नव्हती. तिच्यावर एक शहाळं ठेवलेलं होतं, तोंड छाटलेलं, आत नळी खोचलेली.

"पिऊन टाक," नोरिंग म्हणाली. "लघवीचं आहे ना? मग आधी हे."