मानेचं चिन्ह

माझा आवाज मोठा आहे. इतका, की सातवीच्या वर्गात मी उत्तर सांगितलं की भिंतीपलीकडची पाचवीतली मुलं ते वहीत उतरवून घेतात. म्हणून आमचे मुख्याध्यापक वेलिकोव सर अकरा वर्षांपूर्वी काकुळतीला येऊन मला म्हणाले, "स्तानकाबाई, मूल फळ्याशी उभं असताना तुम्ही बोलूच नका. नुसती मान हलवा." तेव्हापासून माझा वर्ग मानेवर चालतो. मूल गणित सोडवतं, माझ्याकडे बघतं, मी मान हलवते, की पुढचं गणित. त्रोयान गावातली गेल्या अकरा वर्षांतली सगळी पोरं माझ्या मानेवर पास झाली आहेत. हे मी मोठ्या दिमाखात सांगत असे. आता जरा बेतानं सांगते.

त्याचं असं झालं, की ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या दोब्राची नात आली. बिल्याना, वय चौदा. जन्मली इथेच, पण दोन वर्षांची असताना आईबरोबर स्पेनला गेली, सारागोसाला. आता मायलेकी कायमच्या परत आल्या होत्या. बाहेरून आलेल्या मुलांची आमच्याकडे तोंडी परीक्षा होते, सातवीच्या अभ्यासावर. पास झालं तर आठवीत, नाहीतर परत सातवीत. आणि यंदाच्या सातवीत होता तिचा चुलतभाऊ मेतोदी. तिच्याहून वर्षानं लहान, आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठा. तो आत्तापासूनच तिला येता-जाता "काय वर्गमैत्रीण?" अशी हाक मारायचा.

"स्तानके," दोब्रा कुंपणावरून ओरडली, "पोरीला गणित दाखव गं. गुरुवारी परीक्षा आहे."

"काय येतं तिला?"

"सगळं येतं. तिचं तिलाच कळत नाही, एवढंच."

सोमवारी दुपारी मी दोब्राच्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली जाऊन बसले. दोब्रा पलीकडे ल्युतेनित्सासाठी लाल मिरच्या भाजत होती. सप्टेंबरात आमच्या गावात कुणाच्याही घरी गेलं तरी हाच खमंग वास असतो आणि हीच चटणी बरण्यांत भरणं चालू असतं. बिल्याना वही घेऊन आली. सडपातळ पोर, डोळे भुकेले.

"बाई, मी कुठेही बसेन," ती बसल्या बसल्या म्हणाली. "चर्चच्या पायरीवर बसेन. मेतोदीच्या शेजारी नाही."

"एवढं काय वाईट आहे त्यात?"

"तिकडे मी वर्गात पहिली होते." तिनं मान खाली घातली. "इकडे यायला विमानात बसले आणि उतरले तेव्हा ढ झाले होते. काहीही बोलले तरी लोक भलतंच समजतात."

मी चेहरा कडक ठेवला. गणिताच्या बाईनं पहिल्याच दिवशी विरघळून चालत नाही.

"असमानता सोडवताना काय लक्षात ठेवायचं?"

"दोन्ही बाजूंना धन संख्येनं गुणलं किंवा भागलं, तर चिन्ह तसंच राहतं. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं, तर चिन्ह फिरतं."

"का फिरतं?"

ती वहीत शोधायला लागली. मी दोब्राच्या खिडकीबाहेरचा थर्मामीटर दाखवला. "पाच हे दोनापेक्षा जास्त. पण जानेवारीत उणे पाच जास्त की उणे दोन? कुठल्या दिवशी कोट जाड लागतो?"

"उणे पाचला. म्हणजे उणे पाच कमी!" तिचे डोळे चमकले. "दोघांना उणे एकानं गुणलं की मोठा लहान होतो."

पोर हुशार होती. मी खुशीत पहिलं गणित घातलं: −3x < 12. तिनं दोन्ही बाजूंना −3 ने भागलं, चिन्ह फिरवलं, आणि सुबक अक्षरात लिहिलं: x > −4. मग माझ्याकडे पाहिलं. मी समाधानानं मान आडवी हलवली. हो, अगदी बरोबर.

पोरीचा चेहरा पडला. तिनं रबर घेतला, चिन्ह खोडलं आणि लिहिलं: x < −4. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान वर-खाली केली. नाही, नाही, चुकलं.

ती गोड हसली आणि पुढच्या गणिताकडे वळली.

मी म्हटलं, बेरकी दिसते. दुसरं गणित सोपं होतं, 5x < 20. तिनं x < 4 लिहिलं, मी मान आडवी हलवली, तिनं ते खोडून x > 4 केलं. इथे भागायला धन पाच होते, चिन्ह फिरवायचं काही कारणच नव्हतं! मी मान वर-खाली केली, चांगली तीनदा. ती आणखी गोड हसली. तिसरं गणित गुणाकाराचं होतं: x भागिले −2, हे 6 पेक्षा मोठं. तिनं दोन्ही बाजूंना −2 ने गुणलं, x < −12 लिहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेही खोडलं.

मग मात्र मी तोंड उघडलं. दोब्राची मांजर मांडवावरून खाली पडली.

"तिन्ही चूक! मी मघापासून नाही नाही म्हणतेय आणि तू खुशाल हसत पुढे चाललीस?"

"तुम्ही नाही कुठे म्हणालात?" पोर रडवेली झाली. "हो म्हणालात! बरोबर लिहिलं तेव्हा नाही म्हणालात आणि खोडलं तेव्हा हो म्हणालात!"

"मी? मी काय केलं, ते करून दाखव बघू."

तिनं मान वर-खाली केली.

"हे काय?"

"हे हो."

"हे हो? अगं, आमच्या देशात हे नाही! आडवी म्हणजे हो!"

दोब्रा हातातला चिमटा तसाच धरून मध्ये आली. "थांबा, थांबा. म्हणजे मी आठवडाभर विचारतेय, सूप वाढू का, तर ही मान वर-खाली करते, आणि मी मुकाट्यानं पातेलं परत नेते... पोर उपाशी राहिली ना माझी!"

"आणि पोट भरलं म्हणून नको म्हटलं की दुसरी वाटी!" बिल्याना म्हणाली. "मला वाटलं, इथे आज्या अशाच असतात."

"तुझ्या आईला कसं कळलं नाही गं हे?" मी विचारलं.

"आईची मान तिकडे पहिल्याच आठवड्यात बदलली. ती हॉटेलात कामाला होती. पाहुणे विचारायचे, खोली आहे का? आई मान आडवी हलवायची. निम्मं हॉटेल रिकामं आणि पाहुणे परत. मालकानं दटावलं तेव्हा बदलली."

दोब्रानं तिच्यापुढे ब्रेडचा अर्धा लोफ, चीज आणि सोललेल्या मिरच्या ठेवल्या. या वेळी तिनं काही विचारलंच नाही. बिल्याना खाता खाता विचार करत होती. मग तिनं वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "कळलं. तिकडची मान सीमा ओलांडून इकडे आली, की तिला उणे एकानं गुणायचं."

मी मान हलवणार होते, ती वेळेवर धरून ठेवली. "हो," मी तोंडानं म्हणाले.

घरी आल्यावर मला वाईट वाटत राहिलं. पोरीनं तिन्ही उत्तरं बरोबर लिहिली होती आणि मी माझ्या मानेनं ती तिन्ही खोडायला लावली होती. गुरुवारी परीक्षा घ्यायला मीही बसणार होते. परीक्षेत खुणा करायच्या नसतात हे मला ठाऊक आहे, पण माझी मान आपोआप हलते हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. थांबवता येत नाही, तर निदान योग्य दिशेनं तरी हलावी. घाबरलेलं मूल जुन्याच सवयीवर जातं, हे एकतीस वर्षांत मी शंभरदा पाहिलंय. म्हणून मंगळवारी आणि बुधवारी मी आरशासमोर उभी राहून स्पॅनिश मान घोटली. वर-खाली, म्हणजे हो. वर-खाली, म्हणजे हो. माझा नवरा दारात येऊन विचारून गेला, "कुणाला एवढं नाही म्हणतेयस?"

गुरुवारी टेबलामागे आम्ही तिघं बसलो: मी, वेलिकोव सर आणि लोवेचच्या जिल्हा कचेरीतून आलेले एक साहेब, ज्यांनी आल्यापासून पेन सोडून काहीच हलवलं नव्हतं. दाराच्या काचेला बाहेरून नाक लावून मेतोदी उभा होता. बिल्याना फळ्याशी गेली. साहेबांनी गणित घातलं: −4x ≥ 28.

तिनं दोन्ही बाजूंना −4 ने भागलं, चिन्ह फिरवलं, आणि लिहिलं: x ≤ −7. मग सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या मायेनं मान वर-खाली केली.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिचा हात स्पंजाकडे गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन दिवस ती माझ्यासाठी आमची मान शिकत होती आणि मी तिच्यासाठी तिची. दोघींनी एकेकदा चिन्ह फिरवलं होतं, आणि आम्ही पुन्हा होतो तिथेच आलो होतो. मी घाईघाईनं मान आडवी हलवली. ती अजूनच गोंधळली. मी पुन्हा वर-खाली केली, मग पुन्हा आडवी.

"स्तानकाबाई," वेलिकोव सर हळूच म्हणाले, "मान लचकली का?"

बिल्यानानं सरांकडे पाहिलं. सरांची मान तर जन्मापासून गोल फिरते, तिच्यात हो आणि नाही दोन्ही मावतात. तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेब कागदाकडे बघत होते. मग तिनं स्पंज खाली ठेवला आणि आम्हा तिघांकडे पाठ केली.

"मी ताळा करून बघते," ती फळ्याला म्हणाली. "x उणे दहा घेते. उणे दहा हे उणे सातपेक्षा कमी, म्हणजे माझ्या उत्तरात बसतं. उणे चार गुणिले उणे दहा, चाळीस. चाळीस हे अठ्ठावीसपेक्षा मोठं. खरं ठरलं. आता उत्तराबाहेरचं घेते, शून्य. उणे चार गुणिले शून्य, शून्य. शून्य हे अठ्ठावीसपेक्षा मोठं नाही. खोटं ठरलं." ती वळली. "उत्तर बरोबर आहे. कुणाची मान काहीही म्हणो."

मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. अकरा वर्षं मी मुलांना फळ्याऐवजी माझ्या मानेकडे बघायला शिकवत होते, आणि ताळा करायला एकदाही सांगितलं नव्हतं.

साहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "नक्की?"

"नक्की," बिल्याना म्हणाली, आणि तिनं मान हलवली. आडवी, आमच्यासारखी, न चुकता.

साहेबांनी कागदावर सहा लिहिले, सहापैकी सहा. दाराच्या काचेवरचं नाक नाहीसं झालं.

आम्ही दोघी गल्लीत शिरलो तेव्हा दोब्रा कुंपणाशीच उभी होती. हातात मिरच्यांनी माखलेली पळी, गालावर लाल डाग, सकाळपासून हलली नसावी.

"झाली का पास?" ती लांबूनच ओरडली. "स्तानके, सांग ना! झाली का?"

तोंड उघडण्याइतका धीर मला कुठला! मी जोरजोरात मान हलवली. दोन दिवस घोटलेली मान ती, गेली वर-खाली.

दोब्राच्या हातातली पळी पडली. ती मटकन पायरीवर बसली आणि एप्रन तोंडाला लावून मोठ्यानं रडायला लागली.

"आज्जी, रडू नको!" बिल्याना धावत सुटली. "बाईंच्या मानेला उणे एकानं गुण!"