तिसरी कॉफी

अल्दिना जर्मनीहून ट्रावनिकला माहेरी आली ती घोड्यावर बसूनच. आईच्या दफनाला तिला पोहोचता आलं नव्हतं. शेवटी आई काय म्हणाली, एवढंच तिला गल्लीपलीकडच्या रेफियामावशीकडून ऐकायचं होतं; त्या वेळी आईजवळ तीच होती. संध्याकाळी परतीची बस होती.

तिकडे गोदामातल्या माणसांची मिनिटं वाचवणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. सवय माहेरीही सुटेना. पाहुणीला कॉफी तीनदा द्यायची; सारखं आत-बाहेर कोण करणार, म्हणून तिनं कॉफीची तिन्ही तांब्याची भांडी एकदमच चुलीवर चढवली.

मावशी आली. साखरेचा खडा कॉफीत बुडवून चघळत तिनं गुडघ्यापासून सुरुवात केली, मग शेजारच्या मांजरीच्या बाळंतपणावर आली. अल्दिनानं दुसरी कॉफी ओतली. मांजरीची पिल्लं अजून डोळे उघडतात न उघडतात, तोच तिसरीही पुढ्यात ठेवली.

मावशीनं कपाकडे पाहिलं, तो एका घोटात संपवला आणि डोक्याचा रुमाल नीट केला.

"मावशी, निघालीस कुठे?"

"तूच तर वाटेला लावलंस, बाई. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची, तिसरी म्हणजे उठा आता. की जर्मनीत उलटं असतं?"

"अगं, मला आईबद्दल विचारायचं होतं."

"मग विचारायचं होतंस. मी काय पळत होते?"

मावशी गेली. तीन खरकटे कप बघून अल्दिनाला रडू फुटलं. इतक्या वर्षांत वाचवलेली सगळी मिनिटं गोळा केली, तरी त्यांत आईबरोबरची एक दुपार निघत नव्हती. तिला आई हवी होती, दुसरं काही नाही.

ती गल्ली ओलांडून मावशीच्या दारात उभी राहिली.

"आता काय विसरलं?"

"काही नाही. पाहुणी आलेय. पहिली दे."

मावशी हसली नाही. हातजातं मांडीत धरून ती कॉफीचे दाणे दळायला बसली. जात्याची मूठ तिनं जरा हळूच फिरवली म्हणायचं. मांजरीची पिल्लं राहिली होती तिथून सुरू झाली. खालच्या रस्त्यानं बस गेली, तेव्हा दोघींनीही मान वळवली नाही. दुसरी कॉफी झाली, दिवे लागले. अल्दिनानं काहीच विचारलं नाही.

मग मावशी आपणहूनच म्हणाली, "शेवटी तुझंच नाव काढलं तिनं. म्हणाली, रेफिया, पोरगी येईल. आली की तिला तिसरी देऊ नकोस."