मूळ टाकीची सरबराई

आमच्या घरी जेवलेला पाहुणा उठताना भिंतीचा आधार घेतो. वाढणारा हात आमच्या ह्यांचा, नोरकोबिल यांचा! एकदा पलाव वाढायला बसले की समोरच्यानं हात आडवा घातला तर हातावर वाढतील. घरात चालतं हो. पण हे सोन्याच्या कारखान्यात जिवाणूंना खाऊ घालायच्या कामावर, आणि मी तिथल्याच प्रयोगशाळेत. म्हणजे दोन्हीकडे निस्तरायला मीच.

आमच्या किझिलकुम वाळवंटाच्या खडकात सोनं आहे, पण लोखंड आणि गंधकाच्या कवचात कोंडलेलं. ते कवच हे जिवाणू फोडतात. ऊन ऊन आंबट पाण्यात, भरपूर हवा घेत, सुटलेल्या लोखंडाला असा गंज चढवतात की पाणी विटकरी होतं. जोडीला खत द्यायचं, तेही मोजूनमापून. मूळ टाकी म्हणजे आमचं विरजण. ते गेलं की पुढच्या सगळ्या टाक्या बंद.

त्या आठवड्यात संचालक पाहणीला येणार होते. ह्यांनी काय करावं? "पाहुणे येणार आणि घरचे उपाशी? शोभतं का?" म्हणून पोटॅश खताच्या गोण्याच मूळ टाकीत रिकाम्या केल्या.

सकाळी मी नमुना काढला, तर पाणी फिकट आणि तळाला हळदीसारखा पिवळा गाळ. पाण्यातलं लोखंड पोटॅशला धरून खाली बसलं होतं. त्या गाळानं हवेच्या नळ्यांची भोकं बुजली होती आणि जिवाणूंचा जीव गुदमरत होता.

"अहो, केलंत काय हे?"

"थोडंसंच जास्त..."

"थोडंसं? पाहुण्याचा चहाचा पेला आपण अर्धाच भरतो ना? का बरं?"

"परत परत ओतता यावा म्हणून," हे म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

हसू नका. टाकी मेली असती तर ह्यांची रवानगी वाळवंटात पार आत असलेल्या नव्या शाखेवर होती. तिथून माणूस महिन्यातून एकदा घरी येतो. मला ह्यांचा राग येतो, रोज येतो. पण रिकाम्या घरात मी ओरडू कुणावर?

खत बंद केलं. नळ्या काढून खरवडल्या, ताजं आंबट पाणी सोडून जादा खत धुऊन काढलं, आम्ल वाढवलं. हे टाकीपाशी डोळे पुसत उभे.

"बिचारे उपाशी आहेत गं."

"बिचारे अजीर्णानं मरताहेत! हात लावाल तर बघा!"

मग ह्यांनी स्वतःचंही जेवण सोडलं. त्यांना उपाशी ठेवून ह्यांच्या घशाखाली म्हणे घास उतरेना. मी नान पुढे केला, शिव्या घातल्या, हातापाया पडले. छे!

संचालक शोमुरोदसाहेब आले तोवर पाणी पुन्हा विटकरी झालं होतं. खरवडलेल्या नळ्यांतून हवा अशी खेळत होती की आकडे पूर्वीपेक्षाही चढले होते.

"वा! काय खायला घालता यांना?" साहेबांनी विचारलं.

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "काही नाही साहेब. उपाशी ठेवलं."

"खतावाचून एवढं काम? नोरकोबिल-अका, नव्या शाखेला असाच माणूस हवा! बढती देतो. लगेच निघा."

ह्यांचा चेहरा पांढराफटक. खरं सांगावं तर शिक्षा म्हणून तिकडेच, गप्प बसावं तर बक्षीस म्हणून तिकडेच!

"साहेब, मलाही पाठवा," मी म्हणाले.

"तुमचं तिथं काय काम, होसियत-ओपा?"

"हे कुणाला उपाशी ठेवू शकत नाहीत, साहेब. पहिल्याच दिवशी गोणी उपडी करतील. ती हिसकावून घ्यायला कुणीतरी हवं ना?"

साहेबांना वाटलं मी गंमत करतेय. खो खो हसले आणि हो म्हणाले. ते गेल्यावर मात्र मला रडू कोसळलं. आणि हे, इतक्या दिवसांचे उपाशी, मला म्हणतात, "रडतेस काय? आधी दोन घास खाऊन घे."