इंजिन नसलेल्या गाडीचा विमा

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. नवरासुद्धा चारचौघांत सिस्टरच म्हणायचा, आणि घरात काही चुकलं असेल तर घरातही. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणं, जखमा धुऊन पट्ट्या बदलणं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या नळ्या तपासणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांची जुनी मोटरसायकल दोन गल्ल्या आधीच ओळखू यायची. तिचा आवाज ऐकला की लहान मुलं पलंगाखाली लपत. एक दिवस ती चढावर धापा टाकत थांबली ती थांबलीच. मेकॅनिकने खालून वरून बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, आता हिला सलाईन लावलं तरी उपयोग नाही."

म्हणून त्यांनी विजेवर चालणारी मोटरसायकल घेतली. शोरूममधल्या विक्रेत्याने चावी देण्याआधी विम्याचा कागद पुढे सरकवला. त्यावरचा आकडा वाचून सिस्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"हा गाडीचा विमा आहे की दुसरी गाडी?"

"इलेक्ट्रिक आहे ना मॅडम. बॅटरी महाग, म्हणून विमा महाग."

"बॅटरी लवकर बिघडते का?"

"छे, आठ वर्षं काहीच होत नाही."

"मग विमा महाग का?"

"बॅटरी महाग आहे ना," विक्रेता न कंटाळता म्हणाला.

सिस्टरांचा नवरा शिंपी. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावणारा माणूस नव्हे तो. त्याने बायकोला सांगितलं, चार ठिकाणी विचारू. गाडी चार दिवस शोरूममध्येच राहिली, आणि सिस्टर दुपारच्या जेवणानंतर फोन घेऊन बसू लागल्या.

पहिल्या कंपनीच्या वेबसाइटने इंजिन किती ताकदीचं ते विचारलं. सिस्टरांनी शून्य भरलं. वेबसाइट म्हणाली, कृपया योग्य आकडा भरा. त्यांनी एक भरला. आपण गवत कापण्याच्या यंत्राचा विमा शोधत आहात का, असं तिने आपुलकीने विचारलं.

दुसऱ्या कंपनीत माणूस बोलला, पण वेबसाइट बरी असं वाटायला लावेल असं बोलला. "आमच्याकडे दुचाकी दोनच प्रकारच्या. इंजिनवाल्या आणि पायडलवाल्या. तुमच्या गाडीला पायडल आहेत?"

"नाहीत."

"बसवून घेता येतील?"

तिसऱ्या कंपनीला गाडी चालत होती, पण तिचा आवाज होत नाही हे चालत नव्हतं. आवाज नाही म्हणजे रस्त्याने चालणाऱ्याला कळणार नाही, म्हणजे धोका, म्हणजे दीडपट. सिस्टर म्हणाल्या की जुन्या गाडीचा आवाज फार व्हायचा, तेव्हा कुणी काही कमी केलं नव्हतं. पलीकडच्या बाईने ही सूचना नोंदवून घेतली.

शेवटी त्यांनी मावसभावाला बोलावलं. इलाजच नव्हता म्हणून. हा मावसभाऊ विमा एजंट होता, आणि नात्यातली माणसं त्याला लांबून बघून रस्ता बदलत. भेटला की तो आधी तब्येत विचारायचा. ती चांगली निघाली की विमा विकायचा, आणि वाईट निघाली की हळहळून निघून जायचा.

"ताई, आधी माझ्याकडे यायचं सोडून जगभर फिरलीस," तो म्हणाला. "कॉम्प्युटरला विचारलं की तो नाही म्हणणारच. आपण कागदावर भरू. कागद गरीब असतो."

त्याने फॉर्म भरला. इंजिनच्या रकान्याशी क्षणभर थांबला आणि तिथे आडवी रेघ ओढली. हप्ता शोरूमच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. सिस्टरांनी सही केली, गाडी घरी आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांची फारच पंचाईत झाली, कारण लपायला वेळच मिळेना.

सहाव्या आठवड्यात त्या साहेबांकडे गेल्या होत्या. साहेब म्हणजे विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना मधुमेह होता आणि टाचेची जखम दोन महिने भरत नव्हती. सून घरी असायची, पण जखम बघितली की तिला घेरी यायची, म्हणून सिस्टर एक दिवसाआड जात. त्या दिवशी त्या आत पट्टी गुंडाळत असताना बाहेर धाडकन आवाज झाला. शेजारच्या घराची खिडकी रंगवणाऱ्याची शिडी घसरून नेमकी गाडीवर पडली होती. दिवा, आरसा आणि पुढचा मीटर यांचा चुरा झाला होता. रंगारी हात जोडून उभा राहिला. त्याच्याकडे शिडीशिवाय काही नव्हतं, आणि तीही उसनी होती.

सिस्टर त्याला म्हणाल्या, "असू दे. विमा आहे."

कंपनीचा तपासनीस चार दिवसांनी आला. पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन तो इंजिन नंबरचा ठसा उमटवून घ्यायला वाकला. मग गुडघ्यावर बसला. मग रस्त्यावर रुमाल अंथरून चक्क आडवा झाला. उठला तेव्हा गंभीर होता.

"बाई, तुमचं इंजिन चोरीला गेलंय. पोलिसांत तक्रार दिली का?"

"इंजिन नव्हतंच."

"मग गाडी घेतानाच बघून घ्यायला हवं होतं," तो म्हणाला आणि तसं लिहून घेऊन गेला.

पत्र आलं. 'कलम सात, पोटकलम तीन नुसार विमा संरक्षण इंजिनाने चालणाऱ्या वाहनास लागू आहे. आपल्या वाहनास इंजिन नसल्याचे आपण अर्जात आडव्या रेघेने मान्य केले आहे. सबब दावा नामंजूर. हप्ते मात्र वेळेवर भरावेत.'

मावसभावाने पत्र वाचलं आणि त्याला एकाएकी आठवलं की त्याला एकाला भेटायचंय.

सिस्टर ते पत्र पिशवीत घेऊन साहेबांकडे गेल्या. आयुष्यभर विम्यात काढलेला माणूस, दोन शब्द सांगेल, एवढीच अपेक्षा. जुनी पट्टी सोडून झाल्यावर त्यांनी ते पुढे केलं. साहेबांनी पत्र हातात घेतलं, आणि नातवाचा फोटो बघावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"सात-तीन. हे माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"मी लिहिलंय. एकतीस वर्षांपूर्वी. लोक घोडागाडीचा विमा मागायला यायचे, त्यांना वाटेला लावायला लिहिलं होतं. बघा, अजून एक काना-मात्रा बदललेली नाही."

"साहेब, माझ्या गाडीला घोडा नाही."

"इंजिनही नाही. सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका, पण शब्द म्हणजे शब्द."

सिस्टरांनी पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि डोळ्यांजवळ धरली. "डॉक्टरांनी लिहिलंय, पायाची पट्टी बदलणे. जखम तर टाचेला आहे. टाच पायात धरायची की वेगळी, हे मला लेखी विचारावं लागेल. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील."

"थट्टा करताय."

"शब्द म्हणजे शब्द, साहेब."

त्यांनी पिशवीची चेन ओढली आणि दारापर्यंत गेल्या. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. सून ऐकत होती. पण जुनी पट्टी सोडताना सिस्टरांना जखमेची कड परवापेक्षा लाल दिसली होती. उंबऱ्याशी त्या थांबल्या, स्वतःवरच चिडल्यासारख्या परत आल्या, खाली बसल्या आणि हातमोजे चढवले.

"तुमच्यासारखं मला जमत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि जखम धुवायला लागल्या.

साहेबांनी एरवी तीनदा 'हळू' म्हटलं असतं. त्या दिवशी एकदाही म्हटलं नाही.

दोन दिवसांनी सिस्टर गेल्या तर पलंगावर बसायला जागा नव्हती. सुनेकडून माळ्यावरची ट्रंक उतरवून घेऊन साहेबांनी जुनी नियमपुस्तकं पसरली होती. सुनेच्या केसांत जळमटं होती आणि चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी, हसू.

"परिशिष्ट क," साहेब म्हणाले. "वाचा. मोठ्याने."

सिस्टरांनी वाचलं, "इंजिन म्हणजे वाहनास गती देणारे कोणतेही यंत्र, मग ते कशावरही चालो." मग विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मीच. रस्ता दाबणाऱ्या वाफेच्या रोलरवरून एकदा भांडण झालं होतं."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

साहेब जरा ओशाळले. "परिशिष्ट कोण वाचतं? लिहिल्यावर मीही वाचलं नव्हतं."

त्यांनी पत्र सांगितलं, सुनेने लिहून घेतलं. अकराव्या दिवशी दावा मंजूर झाला. सोबत दुसरं पत्र होतं: आपली दावा करण्याची प्रवृत्ती लक्षात घेता पुढील वर्षापासून हप्ता तिप्पट राहील. शोरूमचा आकडा आता स्वस्त वाटू लागला. शिंपी नवरा म्हणाला, "आपण उसवून पुन्हा तिथेच शिवलं."

साहेबांना मात्र आता चेव आला होता. "एकटी बाई म्हणजे कंपनीला धोका. वीस बाया म्हणजे धंदा. तुमच्यासारख्या किती आहेत?"

सिस्टरांची गाडी बघून घरोघर जाणाऱ्या आणखी आठ नर्सनी तशीच गाडी घेतली होती, आणि पाच जणी विम्याच्या भीतीने अडून बसल्या होत्या. साहेबांना जिना उतरता येत नव्हता, म्हणून शाखा व्यवस्थापक त्यांच्या घरी आला. पलंगाभोवती नर्स, मध्ये तो. त्याला आपलंच ऑपरेशन आहे असं वाटत असावं.

"हा दर कशावरून काढला?" साहेबांनी विचारलं.

"या गाड्यांची आकडेवारी नाही सर. म्हणून जास्त धरला."

"आकडेवारी नाही, तर हा आकडा आला कुठून?"

"वरून आला."

"वर मीच होतो. तिथे काय असतं ते मला सांगू नका. या चौदा जणींनी मिळून गेल्या दहा वर्षांत किती दावे केले?"

व्यवस्थापकाने लॅपटॉपमध्ये बघितलं. बराच वेळ बघितलं. "एक. शिडीचा."

"शिडी काय त्यांनी चालवली होती?"

दोन तासांनी चौदा जणींचा एकत्र विमा ठरला. प्रत्येकीचा हप्ता मावसभावाने काढून दिलेल्या हप्त्यापेक्षाही थोडा कमी आला. करारपत्र लिहिण्याचं काम साहेबांनी हौसेने अंगावर घेतलं आणि बावीस पानं लिहिली. सिस्टरांनी ती सगळी वाचली. तीन दुपारी त्या शेजारी बसून एकेक ओळ खोडायला लावत होत्या, आणि जखम धुताना कळवळले नसतील एवढे साहेब प्रत्येक ओळीला कळवळत होते.

"हे उपकलम राहू द्या. फार सुरेख झालंय."

"याचा अर्थ काय?"

"अर्थ तसा काही नाही."

"मग काढा."

शेवटी दीड पान उरलं. ते चौदा जणींनी समजून वाचलं आणि मगच सह्या केल्या. व्यवस्थापकाने ते मुख्य कार्यालयात पाठवलं, तेव्हा तिथून विचारणा झाली की उरलेली पानं कुठे आहेत.

त्या महिन्याच्या अखेरीस साहेबांची टाच भरली. सिस्टरांनी बोटाने दाबून बघितलं, समाधानाने मान हलवली आणि आता यायची गरज नाही असं सांगितलं.

"आणि समजा, त्या करारात पुढे काही अडचण आली तर?" साहेबांनी विचारलं.

"तर येईन. तोवर साखर सांभाळा आणि घरात चपला घालत जा."

"लेखी द्या तसं," साहेब म्हणाले.

सिस्टरांनी चिठ्ठी लिहून सुनेच्या हातात दिली आणि खाली उतरल्या. अजून सहा घरं व्हायची होती, आणि दोन ठिकाणची इंजेक्शनं जेवणाआधीची होती.