पाच मे, दुपारचे चार

पाच मेच्या सकाळी रेफुहियोने फ्रेंच शिपायाचा निळा कोट अंगात चढवला आणि तो स्पॅनिश विसरला.

दोमितिला चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. "खाऊन जा," ती म्हणाली. परक्या बाईकडे बघावं तसं त्याने अदबीनं बघितलं, टोपी काढली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. अकरा वर्षांच्या संसारात त्याने तिच्यापुढे कधी टोपी काढली नव्हती.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराजवळच्या डोंगरातल्या त्या गावात दर पाच मेला १८६२ची लढाई पुन्हा लढली जायची. तेव्हा डोंगरातल्या साध्या माणसांनी सैन्याच्या खांद्याला खांदा लावून फ्रेंचांना हरवलं होतं, आणि गावाला त्याचा केवढा अभिमान! चिठ्ठ्या टाकून अर्धे गडी मेक्सिकन व्हायचे, अर्धे फ्रेंच. बंदुकीत नुसती दारू आणि कागदाचे बोळे. चारच्या ठोक्याला उरलेसुरले फ्रेंच पडायचे, मग सगळे कपडे झटकत उठायचे आणि एका पंगतीला जेवायला बसायचे.

यंदा पडलेले उठत नव्हते.

दहा वाजता चर्चच्या पायरीवर शेजारचा कुंभार पडला. बारापर्यंत सातजण झाले. कुंभाराची बायको त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

दोमितिला शाळेच्या ओतिलियाबाईंकडे धावली. हा सोहळा त्याच बसवायच्या.

"बाई, पडलेले उठत नाहीयेत."

"हो ना. यंदा फार छान करताहेत."

"माझ्या नवऱ्याला आपल्या बाजूला घ्या. पाया पडते तुमच्या."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "मग फ्रेंच एकाने कमी पडतील. मुलांना आम्ही काय शिकवायचं?"

रेफुहियो रांगेत उभा होता. तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण काढलं. दुसरं काढेपर्यंत पहिलं लागलेलं होतं. तिची नखं तुटली, बोटांतून रक्त आलं. तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं आणि ती त्याला ओढत घराकडे निघाली. तोही निमूट आला. ही बाई आपल्याला पाणी द्यायला नेते आहे, असं त्याला वाटलं असावं.

घराचं दार होतं तिथे आता भिंत होती. तिने भिंतीवर मुठी आपटल्या. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता.

ती मागच्या गल्लीत शिरली. गल्ली दोन्हीकडून आवळत गेली. आधी एकामागून एक, मग अंग तिरकं करून, मग पोट आत घेऊन ते सरकत राहिले. मागे वळायला जागा नव्हती. गल्ली संपली ती चौकात, बंदुकांच्या रांगेसमोर. घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती.

रांगेत मधोमध तिचा धाकटा भाऊ नाबोर होता.

"नाबोर! दाजी आहेत ना रे तुझे!"

"दिसतंय मला, ताई." नाबोर रडत होता. "पण बंदूक खाली येत नाहीये. तू बाजूला हो."

"नाही होणार."

ती नवऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली. मग वळून तिने दोन्ही हातांनी त्याला घट्ट मिठी मारली. त्याचं काळीज ससाण्यानं धरलेल्या पाखरासारखं उडत होतं. तो तिच्या कानात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिला तो समजत नव्हता.

एवढ्यात बँड सुरू झाला. शाळेच्या मुली झेंडा घेऊन चौकात आल्या. सगळं गाव उठून उभं राहिलं. कुंभाराची बायकोही उठली. सलामीसाठी शेकडो हात छातीवर आडवे झाले; बंदुका तेवढ्या रोखलेल्याच राहिल्या.

दोमितिलाने दात आवळले. तिचा उजवा हात रेफुहियोच्या पाठीवरून सुटला. डाव्या हाताने ती तो हात खाली ओढत राहिली, तरी तो वर आला आणि पंजा पालथा करून छातीशी थांबला. मग तिची पावलं जुळली, मान ताठ झाली आणि ती एक पाऊल बाजूला, झेंड्याकडे तोंड करून उभी राहिली.

अख्ख्या चौकात रेफुहियो एकटाच हात खाली सोडून उभा होता.