कार्यालयाचे स्थान: येसूबाईचे खाचर

त्या वर्षी येसूबाईच्या पाच गुंठ्यांच्या खाचरात भाताची लावणी एका सरकारी कचेरीतल्या नऊजणांनी केली. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जावं. असं काही झालेलं नाही. हजेरीत त्या दिवशी सगळेच्या सगळे वेळेत कार्यालयात हजर आहेत, आणि हजेरी यंत्राने घेतलेली असल्यामुळे खोटी असू शकत नाही.

तर, काहीच झालेलं नसताना सुरुवात झाली ती अशी.

आम्रपाली ही येसूबाईची धाकटी लेक, रत्नागिरीतल्या एका उपविभागात कनिष्ठ लिपिक. घर पालीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, डोंगराच्या जरा जास्तच पायथ्याशी. पावसाळ्यात डोंगराचा थोडा भाग पडवीत येऊन बसतो. थोरला भाऊ अभय मुंबईला, वाडीतले बहुतेक भाऊ असतात तसा. त्यामुळे शेती करायला उरली येसूबाई, तिचा दुखरा उजवा गुडघा, आणि पहाटे साडेपाचपासून आठपर्यंतची आम्रपाली. आठला ती चिखलातून निघायची, हातपाय धुवायची, सव्वाआठची एस.टी. पकडायची आणि पावणेदहाला सरकारी नोकर व्हायची. नखांत राहिलेला चिखल बघून शेजारच्या टेबलावरच्या तेजलने एकदा मेंदी कुठून काढलीस म्हणून विचारलं होतं. आम्रपालीने पत्ता सांगितला नाही. पुढे तो तेजलला कळलाच.

वाडीत लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या सगळे दुसऱ्याच्या. ज्या घरचा हात इतरांच्या खाचरात दिसत नाही, त्या घरच्या खाचरात वाडीचे हात दिसत नाहीत. नंबर लावायचे गंगारामकाकांनी. त्यांनी बत्तीस वर्षं मुंबईला पोस्टात पत्रं निवडली होती, आता माणसं निवडत होते. आम्रपालीला एक दिवस रजा मिळाली, ती तिने काकांच्या खाचरात घालवली. पुढचे चार दिवस मिळाली नाही. कचेरीच्या मगदूमसाहेबांनी रजेच्या अर्जांचा गठ्ठा बघून विचारलं होतं की कोकणातले सगळे आजोबा जुलैतच का वारतात.

गंगारामकाका रागावले नाहीत. त्यांनी फक्त येसूबाईचा नंबर शेवटी टाकला. शेवटी म्हणजे अकरा दिवसांनी. इकडे तरव्याला, म्हणजे लावायच्या रोपांना, तेवीस दिवस झालेले. आणखी अकरा दिवस थांबलं तर ती रोपं लावायची नाहीत, गुरांना घालायची. एक वर्ष खाचर पडीक राहिलं की दुसऱ्या वर्षी त्यात रान माजतं आणि तिसऱ्या वर्षी लोक तिथून जाताना म्हणतात, इथे येसूबाईचं शेत होतं. येसूबाईला हे ‘होतं’ ऐकायचं नव्हतं.

“आमू, तुज्या हापिसाला सांग,” ती म्हणाली, “तरव्याला रजा लागत नाय, तो पिकतोच.”

आम्रपालीने हापिसाला काही सांगितलं नाही. हापिसाने मात्र तिला एक काम सांगितलं. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं की सोमवारपासून हजेरी मोबाईलवर. प्रत्येक कचेरीने आपलं स्थान एकदा नोंदवायचं; मग त्या जागेच्या शंभर मीटरच्या आत उभं राहून सकाळ-संध्याकाळ चेहरा दाखवायचा. साहेबांच्या मोबाईलमध्ये शुभ सकाळच्या फुलांमुळे जागा उरली नव्हती, म्हणून नोंदणी आम्रपालीच्या गळ्यात आली. दोन दिवस ती प्रयत्न करत होती. कचेरीच्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड. त्यांतून पाऊस आत येत होता, ओटीपी येत नव्हता.

तो आला शनिवारी सकाळी पावणेसातला. आम्रपाली तेव्हा खाचराच्या कडेला वाकून तरवा उपटत होती, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गळ्यात. ओटीपीला आयुष्य तीन मिनिटांचं आणि नोंदणीची मुदत त्याच दिवशी संपणारी. तिने आकडे भरले. मोबाईलने विचारलं की आपण आहात तेच कार्यालय समजायचं काय. पर्याय दोन होते: ‘होय’ आणि ‘होय, कायमस्वरूपी’. तिने चिखलाच्या अंगठ्याने पहिला दाबला. जागा मागाहून बदलता येत असेल असं तिला वाटलं, कारण ती अजून तरुण होती.

सोमवारी अख्खी कचेरी गैरहजर लागली. साहेब खुर्चीत बसलेले, समोर फायली, आणि मोबाईल म्हणत होता की आपण कार्यालयापासून अठरा किलोमीटर दूर आहात. हजर फक्त आम्रपाली. तिने नेमकं लागतं का बघायला सकाळी खाचरातच चेहरा दाखवला होता. सदू शिपाई म्हणाला की अठरा किलोमीटर म्हणजे पाली. म्हणजे बाईंचं गाव. तिने सगळं कबूल केलं. साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडून उत्तर मिळालं की दुरुस्ती एक ऑक्टोबरपासून स्वीकारली जाईल, तोवर नोंदवलेलं स्थान हेच कार्यालय, आणि तीन दिवस गैरहजर राहणाऱ्यांची नावं आपोआप वर जातील. आपोआप हा शब्द ऐकून साहेब उभे राहिले.

मंगळवारी साडेनऊला कचेरीची जीप आणि एक रिक्षा वाडीत आली. आम्रपालीला धरून नऊजण बांधावर एका रांगेत उभे राहिले आणि पावसात छत्र्या बाजूला करून एकेकाने मोबाईलला चेहरा दाखवला. यंत्राने सगळ्यांना ओळखलं. येसूबाईने कोणालाच ओळखलं नाही. तिला वाटलं, आमूला बघायला पाहुणे आले. एवढे का आले हे तिला कळेना, पण तिने चहा टाकला.

चहा पिऊन रत्नागिरीला परत जावं की काय यावर चर्चा झाली. साहेब मूळचे कोल्हापूरकडचे आणि नियमाचे पक्के. कामाच्या वेळेत कार्यालय सोडून जाता येत नाही, आणि कार्यालय हे आहे, असं त्यांनी ठरवलं. सदूने जाऊन शिक्के आणि आवक-जावक नोंदवही खताच्या रिकाम्या पिशवीत घालून आणली. तोवर गंगारामकाका पावसासाठी पानांचं इरलं पांघरून तिथे येऊन उभे राहिले होते. त्यांनी बांधावरचे हात बघितले. पुष्कळ होते, आणि सगळे कोरडे.

वाडीची एक रीत आहे. लावणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर आलेल्या माणसाने निदान एक मूठ तरवा लावल्याशिवाय जायचं नाही. पोस्टमन लावतो, वीजबिलवाला लावतो. एका उमेदवाराने लावला नव्हता. तो पडला.

“साहेब,” काका म्हणाले, “आलात ता बरा झाला. पण कोरडे हात घेऊन जायची रीत नाय आमच्यात.”

“आमच्याकडं ऊस असतोय,” साहेब म्हणाले. “भातबी असतंय. पण लावायला गडी असत्यात.”

“गडी आमचे पण हायत. मुंबयला हायत.” काकांनी आपलं इरलं साहेबांच्या डोक्यावर ठेवलं. “एक मूठ लावा, मग बसा.”

साहेबांनी पॅन्ट दुमडली. एक मूठ लावली, मागे वळून बघितलं आणि त्यांना ती वाकडी दिसली. सरळ दिसावी म्हणून त्यांनी दुसरी लावली. हाताखालच्यांना साहेबांना वाकलेलं उभ्याने बघायची सवय नव्हती, म्हणून तेही उतरले. आम्रपाली पुढे तरवा टाकत गेली आणि साहेबांना, आयुष्यात पहिल्यांदाच, रोपं फार खोल खोचू नका असं सांगत गेली. साहेब हो म्हणत होते. साडेअकराला दाखल्यासाठी एक गृहस्थ रत्नागिरीहून चौकशी करत करत आले. त्यांना सांगण्यात आलं की साहेब कामात आहेत. ते बांधावर थांबले, रीत कळल्यावर त्यांनीही एक मूठ लावली, आणि कचेरीच्या इतिहासात प्रथमच दाखला त्याच दिवशी मिळाला. त्यावर शिक्क्याशेजारी एक बोट उमटलेलं आहे.

साडेचारला खाचर पुरं झालं. येसूबाईने गुडघा धरून बांधावरून एक फेरी मारली. तेजलची ओळ नागमोडी गेली होती. साहेबांची दोरीत होती, पण उलटी, डोंगराकडून घराकडे. येसूबाई म्हणाली की भाताला काय कळतंय. मग ती आत गेली, आणि नऊ माणसांचं जेवण सकाळीच का रांधलं नाही म्हणून स्वतःवरच करवादत राहिली.

सव्वासहाला सगळ्यांनी चेहरे दाखवले. यंत्राने सदूचा चिखलामुळे तीनदा नाकारला.

पुढे ऑगस्ट-सप्टेंबरभर कचेरी तिथेच भरली. बांधावर ताडपत्री लागली. फायलींच्या मधल्या वेळात तण उपटून बेणणी झाली, वानरं हाकलणं सदूकडे आलं, आणि साहेब दुपारी युरियावर बोलू लागले. आम्रपालीची सव्वाआठची एस.टी. सुटली, ती आता कामावर बांधावरून चालत जायची. सप्टेंबर संपता संपता भात लोंबीला आलं आणि मुख्य कार्यालयाचं पत्रही. स्थान दुरुस्तीचा अर्ज तात्काळ पाठवावा.

तेवढ्यात गंगारामकाका येऊन तिला शांतपणे म्हणाले की तुझ्या खाचरात नऊ हात आले, चांगलं झालं. आता पुढल्या जुलैला वाडीच्या खाचरात किती येणार, तेवढं विचारून ठेव. आणि कापणीला तर वाडी तुझ्याकडे येणार नाही, कारण माझा एक दिवस सोडला तर लावणीला तू वाडीकडे आली नाहीस.

साहेबांनी अर्जाचा मसुदा आम्रपालीलाच करायला सांगितला. सही त्यांनी न वाचता केली, किंवा वाचून केली. सही दोन्ही वेळा सारखीच येते.

“विषय: कार्यालयाचे स्थान दुरुस्त न करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या कार्यालयाचे स्थान चुकीने नोंदले गेले हे खरे असले तरी त्यास आता लोंब्या आल्या आहेत. सबब कापणी, झोडणी व पेंढा रचण्याचे काम पूर्ण होईपर्यंत कार्यालय आहे तेथेच ठेवण्यात यावे. तसेच पुढील वर्षीच्या जुलै महिन्यात सदर कार्यालय श्री. गंगाराम यांनी ठरवून दिलेल्या क्रमाने वाडीतील प्रत्येक खाचरात एकेक दिवस हलवण्यास व त्या दिवशी सर्व कर्मचाऱ्यांना हजर समजण्यास मान्यता मिळावी, ही नम्र विनंती.”